कुलूप म्हणजे संरक्षण नव्हे

आम्ही आधार घेऊन जगणारी माणसे आहोत, आणि आधार देऊन जगणारीही. आमच्यापैकी कुणाला सकाळी अंथरुणातून उठायला दुसऱ्याचा खांदा लागतो. कुणाला घास भरवावा लागतो, कुणाला रेशनची पावती वाचून दाखवावी लागते, कुणी खुणांच्या भाषेत बोलतो, कुणी चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून. आमच्यापैकी काही जण तो खांदा आहेत: निवासी शाळांतले काळजीवाहक, विशेष शिक्षक, रात्रपाळीच्या मावशी, घरोघरी जाऊन हातपाय मोकळे करून देणारे थेरपिस्ट. काही आई आहेत, बाप आहेत, आईबापांच्या पश्चात जबाबदारी उचललेले भाऊ-बहीण आहेत. आजवर आम्ही वेगवेगळ्या रांगांत उभे होतो. कुणी दाखल्याच्या, कुणी अनुदानाच्या, कुणी थकलेल्या पगाराच्या. आता आम्ही एकाच ठिकाणी उभे आहोत.

कारण आपल्याकडे आधार हवा असेल तर माणसाला स्वतःवरचा हक्क गहाण टाकावा लागतो. जेवण मिळेल, पण केव्हा आणि काय खायचे ते दुसरा ठरवेल. छप्पर मिळेल, पण दाराची कडी बाहेरून असेल. औषध मिळेल, पण ते कशाचे आहे हे विचारायचे नाही. हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. तो मोडण्यासाठी ही चळवळ सुरू होत आहे.

आधी जे घडते ते स्पष्ट शब्दांत सांगू. ज्याच्या हातात आपले ताट, त्याच्याच हातात आपली औषधे. त्याच्याच खिशात आपला फोन, त्याच्याच कपाटात आपले बँकेचे पासबुक, त्याच्याच मर्जीवर आपला शौचालयाला जाण्याचा वेळ. आणि तक्रार करायची म्हटली तर अर्ज द्यायचा तोही त्याच्याच कार्यालयात. एका माणसाकडे दुसऱ्याच्या शरीरावरची इतकी सत्ता असणे, हेच मूळ संकट आहे. ती सत्ता सज्जनाच्या हाती असेल तर दिवस बरे जातात. दुर्जनाच्या हाती असेल तर कुणाला कळत नाही. माणसाची सुरक्षितता सांभाळणाऱ्याच्या स्वभावावर सोडणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे.

तिचे रोजचे रूप फार साधे असते, म्हणून ते बातमीत येत नाही. रात्री उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न देणे. मूल फार हालचाल करते म्हणून ओढणीने खाटेला बांधणे. झोपत नाही म्हणून गोळी, आणि झोपल्यावरही गोळी, कारण वही तशी भरलेली आहे. उवा झाल्या म्हणून सगळ्यांचे केस एकाच दिवशी भादरणे. सगळ्यांचे कपडे एका ढिगात आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचे. कुणी एकाने मारले असे यात काही नाही. पण अशा रीतीने वीस वर्षे काढलेल्या माणसाला तुम्ही विचारा, तुला काय आवडते? उत्तर द्यायला तो तुमच्या तोंडाकडे बघतो, कारण हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारलेला नसतो.

आणि मग मोठ्या घटना घडतात. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या मतिमंद मुलींच्या वसतिगृहातल्या मुलींची आणि स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांच्या शरीरावर त्या झाल्या, त्यांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न तेव्हाही उशिराच आला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. बांधणाऱ्यांचे म्हणणे असे की ती पळून जाऊ नयेत, त्यांना इजा होऊ नये, म्हणून साखळ्या. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या वसतिगृहात मतिमंद मुले अन्नावाचून दगावल्याची बातमी छापून आली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली, संस्थांच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि २०११ मध्ये कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीला आले. दोन वर्षांनी मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतर काही आरोपींना दोषी ठरवले. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या 'आशा किरण' या सरकारी निवासगृहात एका महिन्यात दहाहून अधिक माणसे मेली.

गावे वेगळी, वर्षे वेगळी. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी होती: आत काय चालले आहे हे बाहेर सांगू शकेल असा माणूस आत पोचत नव्हता.

तपासणी होत नव्हती असे नाही. तपासणी होते. तिचा दिवस आधी कळतो. त्या दिवशी चादरी नव्या असतात, ताटात केळे असते, हजेरीपट पूर्ण असतो. तपासणी अधिकारी खाटा मोजतात, अग्निशामक नळकांडे बघतात, स्वयंपाकघराचा फोटो काढतात, चहा घेतात. राहणाऱ्या एकाही माणसाशेजारी बसून, संस्थेचे कुणी जवळ नसताना, बोलले जात नाही. बोलता न येणाऱ्यांशी तर प्रश्नच नाही. प्रत्येक प्रकरणानंतर सीसीटीव्ही कॅमेरे वाढवण्याचे आदेश निघतात. कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा ज्याच्या टेबलावर आहे, त्याच्याबद्दलच तक्रार असेल तर काय करायचे, हे कुठल्याही आदेशात वाचायला मिळत नाही.

दार बंद फक्त संस्थेचेच असते असेही नाही. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या. त्यांतले बहुसंख्य कुठल्याही संस्थेत नाहीत, घरात आहेत. घरातली कहाणी जास्त अवघड आहे, कारण तिथे खलनायक सापडत नाही. मोलमजुरीला जाणारी आई सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला खाटेच्या पायाला दोरी बांधून जाते, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवते, दुपारी शेजारणीला डोकवायला सांगते. दोरी बांधणे चूक आहे. पण त्या गावात दिवसभर मुलाला सांभाळणारे एकही केंद्र नाही, ही चूक कुणाची? आम्ही त्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. तिच्या बाजूने ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत आणि मंत्रालयात उभे राहू, आणि तिच्या मुलाच्या बाजूने त्या दोरीविरुद्धही उभे राहू. दोन्ही एकाच वेळी.

आईबापांच्या तोंडी एक वाक्य असते, आमच्या माघारी याचे काय? रात्री दिवा मालवल्यावर ते एकमेकांना हे विचारतात. काही जण त्यापुढचेही बोलून जातात, आमच्या आधी याने जावे. एखाद्या समाजात प्रेम करणाऱ्या आईबापांना आपल्या लेकराच्या मरणाची वाट बघावी लागत असेल, तर त्या समाजाच्या आधारव्यवस्थेचे मूल्यमापन करायला दुसऱ्या अहवालाची गरज नाही.

आणि जे सांभाळतात त्यांचे काय? विनाअनुदानित संस्थेतला काळजीवाहक तुटपुंज्या मानधनावर राबतो, तिथेच राहतो, तिथेच झोपतो, आणि म्हणून त्याची ड्युटी कधी संपतच नाही. रात्री एक मावशी आणि तिच्या वाट्याला आख्खी खोली. उचलण्याचे तंत्र कुणी शिकवलेले नाही, त्यामुळे तिची कंबर गेली आणि उचलला जाणाराही दुखावला. आकडी आली तर काय करायचे, हे तिला आधीच्या मावशीने सांगितले, आणि त्या मावशीला तिच्या आधीच्या मावशीने. थकलेला हात आणि क्रूर हात यांत फरक असतो, पण ज्याच्या अंगावर तो पडतो त्याला तो फरक कळत नाही. म्हणून दिव्यांगांची सुरक्षितता आणि काळजीवाहकांचे कामगार हक्क या दोन मागण्या आम्ही वेगळ्या कागदांवर लिहिणार नाही.

आता आम्ही काय मानतो ते सांगतो.

आम्ही मानतो की माणसाला सुरक्षित ठेवतात ती माणसे. ज्याला रोज पाच वेगवेगळी माणसे नावाने ओळखतात, ज्याच्या न येण्याची दुकानदार चौकशी करतो, ज्याच्या अंगावरचा नवा वळ कुणाच्या तरी लक्षात येतो, तो सुरक्षित असतो. भिंत उंच केली की ओळखी कमी होतात. कुलूप लावले की चोर बाहेर राहतो हे खरे. पण घरातलाच चोर असेल तर तेच कुलूप त्याच्या कामी येते. एकांत ही अत्याचाराची पहिली गरज आहे. म्हणून आमच्या लेखी सुरक्षिततेचे पहिले माप उघडे दार हेच आहे: आतला बाहेर जाऊ शकतो का, आणि बाहेरचा आत येऊ शकतो का.

आम्ही मानतो की प्रत्येकाला नकार देण्याचा हक्क आहे. तो शब्दांनी देता येतो, मान फिरवून देता येतो, तोंड मिटून देता येतो. घास नाकारणारे मूल हट्टी असेलच असे नाही. घास गरम असेल. २००९ साली चंदीगडमधल्या सरकारी निवासगृहात बलात्कार झालेल्या एका बौद्धिक दिव्यांग स्त्रीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिला मूल हवे होते, प्रशासनाला गर्भपात. न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असे ठरवले. शिरूरच्या मुलींना त्याच्या पंधरा वर्षे आधी जे कुणी विचारले नव्हते, ते या स्त्रीच्या बाबतीत देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला विचारावे लागले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये हे लिहिले गेले की मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय कुणाही दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. शिरूरच्या मुलींबाबत जे घडले ते आज गुन्ह्याच्या दारात उभे आहे.

आम्ही मानतो की दिव्यांग माणसाची साक्ष ही पूर्ण साक्ष आहे. एप्रिल २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अंध दलित तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साक्षीदार दिव्यांग आहे म्हणून तिची साक्ष दुय्यम ठरत नाही. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. पोलिस ठाण्यात मात्र अजूनही पहिला प्रश्न असतो, "हिला समजतं का?" समजते. तुम्ही तिच्या भाषेत विचारा. जबाब घेताना दुभाषा किंवा विशेष शिक्षक हवा, जबाब पीडितेच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी घ्यावा, त्याचे चित्रीकरण व्हावे, हे २०१३ पासून कायद्यात आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. सोय म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

आणि आम्ही मानतो की चुकण्याचाही हक्क असतो. एकट्याने बाजारात जाणे, सुट्टे पैसे मोजताना फसणे, चुकीच्या एसटीत बसणे, टपरीवर दुसरा चहा मागवणे, कुणाच्या तरी प्रेमात पडणे आणि ते फसणे. यातून माणूस मोठा होतो. ज्याला आयुष्यात एकही धोका पत्करू दिला नाही, त्याला धोका ओळखताही येत नाही, आणि ज्याला स्वतःच्या शरीराबद्दल काही शिकवले नाही, त्याला वाईट स्पर्शाबद्दल सांगताही येत नाही. 'तिला काही कळत नाही, तेच बरे' असे म्हणणाऱ्या घरांनी आणि संस्थांनी आपल्या मुलींना अत्याचारासमोर निःशब्द उभे केले आहे. लैंगिक शिक्षण हा आमच्या मागण्यांतला ऐच्छिक विषय नाही.

संस्था नकोतच, असे आमचे म्हणणे आहे का? यावर आमच्यातही वाद आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. कोल्हापुरातली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था १९८४ साली नसीमा हुरजूक या चाकाच्या खुर्चीत बसून जग पाहणाऱ्या स्त्रीने उभी केली, आणि तो फरक मोठा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या, नाव नसलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर या लेकरांनी कुठे जायचे, हा प्रश्न सरकारला वर्षानुवर्षे विचारला. प्रश्न अगदी खरा आहे. सतराव्या वर्षापर्यंत ज्याला सरकार सांभाळते, त्याला अठराव्या वाढदिवशी ते ओळखत नाही. पण याचे उत्तर त्याच आवारात जन्मभर ठेवणे हेच असेल, तर आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम ५ प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देते, आणि अमुकच प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती कुणावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावेत असे सांगते. आमचे मत असे: शंभर खाटांची इमारत कितीही मायेने चालवली तरी तिथे माणसाचे नाव मागे पडते आणि खाटेचा क्रमांक पुढे येतो. नव्या मोठ्या इमारती बांधू नका. वस्तीत, चाळीत, गृहसंकुलात चार-पाच जणांची घरे उभी करा, सोबतीला आधार देणारी माणसे ठेवा. आज जे संस्थेत आहेत, त्यांची दारे आजच उघडा. उद्याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडे नाही.

वारे कुणीकडे वाहते आहे, ते बघा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. दिव्यांगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक दिव्यांगांना ठेवणाऱ्या सरकारी संस्थांच्या देशव्यापी पाहणीचे काम राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपवले. दयेचे दिवस सरत आहेत. आता हक्काचा हिशेब मागायचा आहे, आणि तो आम्ही मागणार आहोत.

प्रत्येक तालुक्यात आम्ही सोबत्यांचे गट उभे करू. दोन-तीन माणसे, त्यांत किमान एक स्वतः दिव्यांग. ही माणसे आपल्या भागातल्या निवासी संस्थेत दर महिन्याला जातील, आधी न सांगता जातील, आणि तिथे राहणाऱ्यांशी बोलत बसतील. कॅरम खेळतील, केस विंचरतील, वेळ घेतील. ज्या संस्था आपणहून दार उघडतील त्यांचे आम्ही जाहीर आभार मानू. ज्या नकार देतील त्यांची नावे, नोंदणीचा तपशील आणि मागच्या तपासणीचा अहवाल आम्ही माहितीच्या अधिकारात मागवू आणि गावातल्या चौकात वाचून दाखवू. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय बिगरसरकारी संस्था चालवता येत नाही, असे कायदा सांगतो. ते प्रमाणपत्र, त्याची मुदत, राहणाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची संख्या, शेवटच्या तपासणीची तारीख हे सारे प्रवेशद्वाराशी फळ्यावर लिहिलेले असले पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

आम्ही दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ७ घराघरांत पोचवू. कुणावर अत्याचार झाला आहे, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटले, तर कुणीही त्याची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि ती मिळताच त्याने तो रोखण्यासाठी तातडीने पावले उचलायची असतात. आपल्याकडे हा अधिकारी म्हणजे तहसीलदार, प्रांत. रोज ज्यांच्याकडे सात-बाऱ्याच्या आणि दाखल्याच्या कामासाठी जाता, त्यांच्याकडेच हे काम आहे. ही माहिती शेजारी देऊ शकतो, अंगणवाडी सेविका देऊ शकते, किराणा दुकानदार देऊ शकतो. पोलिसांकडे तक्रार गेली तर त्यांनी पीडित व्यक्तीला या सर्व हक्कांची आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती द्यायची असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ९२ सांगते की ताबा असलेल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा सहा महिने ते पाच वर्षे तुरुंगवासाचा गुन्हा आहे. संध्याकाळनंतरचे पाणी, आठवते? ते आता या कलमात मोजले जाईल.

पैशाचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवणार नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्याच्या नावावर येतात, त्याच्या हातात पासबुक असेल, आणि तो वाचू शकत नसेल तर दरमहा कुणीतरी त्रयस्थ त्याला ते वाचून दाखवेल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने साहित्यवाटपात जातो: मंडप, तीनचाकी सायकली, पुढाऱ्यांसोबतचे फोटो, आणि पाऊस पडला की गंजणाऱ्या त्याच सायकली. त्यातला मोठा वाटा माणसांवर खर्च व्हावा. दिवसभराचे सांभाळकेंद्र, आठवड्यातून काही तास घरी येणारा प्रशिक्षित मदतनीस, आईला भावाच्या लग्नाला चार दिवस जाता यावे म्हणून लेकराची तात्पुरती सोय. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या नेमल्या आहेत. त्यांच्या बैठका पालकत्वाच्या अर्जांपुरत्याच राहू नयेत. 'आमच्या माघारी' या प्रश्नाचे लेखी उत्तर त्यांच्या इतिवृत्तात दिसले पाहिजे.

काळजीवाहकांसाठी आम्ही ठरलेले कामाचे तास, किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि पगारी प्रशिक्षण मागतो. आतला प्रकार बाहेर सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही, हे लेखी हवे. अनेक प्रकरणे आधी एखाद्या मावशीलाच कळलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलेले असते.

बांधून ठेवण्याची, झोपेच्या गोळ्यांची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद बाहेरच्या माणसाला पाहता आली पाहिजे. संस्थेतला प्रत्येक मृत्यू चौकशीला पात्र आहे, तो 'आजारी होता' या दोन शब्दांत बंद होऊ नये. तक्रार करण्याची साधने चित्रांत, ब्रेलमध्ये, खुणांच्या भाषेत हवीत, आणि तक्रार संस्थेच्या बाहेरच्या हातात पोचायला हवी.

आमच्या घरातही आम्ही काही नियम पाळू. समित्यांत बहुमत दिव्यांग व्यक्तींचे असेल. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आमच्या बैठकांत प्रेक्षक म्हणून बसणार नाहीत, मत देतील. ज्याला बोलायला वेळ लागतो त्याच्यासाठी सभा थांबेल, मग विषयपत्रिका अर्धी राहिली तरी चालेल. कागद साध्या मराठीत असतील. कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय काढला जाणार नाही, देणगीच्या आवाहनासाठी तर मुळीच नाही.

आणि एक सांगणे खास तुम्हाला. तुमच्यापैकी बरेच जण मुलांचा वाढदिवस साजरा करायला, आजोबांच्या स्मृतिदिनाचे जेवण घालायला विशेष शाळांत आणि वसतिगृहांत जातात. गाडी लावता, केक कापता, मुले टाळ्या वाजवतात, तुम्ही भरल्या डोळ्यांनी परत येता. त्या दाराआड सहज जाऊ शकणारे तुम्हीच आहात, ज्यांच्यासाठी अधिकाऱ्यांना आदेश काढावा लागत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. केक नको, गर्दी नको. एकाच मुलाशेजारी तासभर बसा, त्याचे नाव विचारा, त्याच्या हातावरचा डाग कशाचा ते विचारा, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन तेच नाव घ्या.

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचे कार्यक्रम होतात, हारतुरे होतात, भाषणे होतात. ती होऊ द्या. आम्ही ४ डिसेंबरला तुमच्या तहसील कार्यालयात असू. रॅम्प असेल तर आत, नसेल तर पायरीशी. तहसीलदारांना एकच विचारणार आहोत: कलम ७ खाली या तालुक्यात आजवर किती अर्ज आले, आणि त्यांचे काय झाले? तुमच्या माहितीतले एक बंद दार कागदावर लिहून आणा, आणि आमच्याबरोबर या.